नियमाशेजारी कारणही लिहा

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या कंपनीच्या गेटवर पार्किंगचं जे परिपत्रक लागलं, ते मी टाईप केलं होतं. एकूण अकरा नियम. साहेब, म्हणजे आमचे मालक, केबिनमध्ये येरझारा घालत सांगत होते आणि मी लिहून घेत होते. दुचाकी पिवळ्या पट्ट्याच्या आतच लावायची. चाक पट्ट्याबाहेर दिसलं तर हवा सोडली जाईल. गेटच्या डाव्या हाताला कडुनिंबाखालच्या पाच जागा फक्त ‘मॅनेजमेंट’च्या गाड्यांसाठी. सव्वानऊ ते पावणेदहा गेटसमोर कुणी गाडी थांबवायची नाही, कारण साहेबांची गाडी त्या वेळात येते. स्टिकर हरवला तर पगारातून दोनशे रुपये. कंत्राटी कामगार आणि ट्रेनी यांच्या गाड्या गेटबाहेर, रस्त्यावर. हेल्मेटशिवाय प्रवेश नाही. गाडी उलटी लावायची, तोंड बाहेरच्या बाजूला. बाकीचेही असेच. खाली ‘आदेशावरून’ असं टाकलं, शिक्का मारला, लॅमिनेशन करून आणलं आणि सिक्युरिटी केबिनच्या काचेवर चिकटवायला दिलं. एकाही नियमापाशी मी अडले नाही. ‘हे कशासाठी?’ असं एकदाही विचारलं नाही.

भोसरी एमआयडीसीतलं आमचं युनिट मध्यम आकाराचं आहे. मशीनिंग आणि असेंब्ली मिळून एकशे साठ माणसं, त्यातली पन्नासेक कंत्राटी. मी प्रशासन बघते, म्हणजे हजेरीपासून कॅन्टीनच्या चहापर्यंत सगळं माझ्या टेबलावरून जातं. त्यामुळे त्या कागदाचं पुढे काय झालं, तेही मला रोज समोर दिसत होतं.

जुलैअखेरची एक संध्याकाळ. डिस्पॅच रखडला होता, पाऊस लागून राहिला होता. इन्स्पेक्शनमधली माझी एक सहकारी सात वाजून दहा मिनिटांनी खाली आली. तिचा मुलगा पाळणाघरात असतो आणि पाळणाघर साडेसातला बंद होतं. तिच्या स्कूटरचं पुढचं चाक पट्ट्याच्या वीतभर बाहेर आलं होतं. सकाळी तिनं नीट लावली होती. दुपारी पहिली पाळी सुटताना कुणीतरी आपली गाडी काढायला ती सरकवली असणार. चाक जमिनीला टेकलं होतं. व्हॉल्व्हचं काळं टोपण कुठे पडून हरवू नये म्हणून फूटबोर्डवर, पाणी लागणार नाही अशा कोपऱ्यात, व्यवस्थित ठेवलेलं होतं.

आम्ही दोघींनी मिळून गाडी ढकलत चौकातल्या पंक्चरवाल्याकडे नेली. अर्धा किलोमीटर असेल. त्यानं चाकाला हात लावला आणि म्हणाला, “पंक्चर नाहीये मॅडम, हवा सोडलीय. तुमच्या कंपनीची आजची ही तिसरी.” त्यानं हवा भरून दिली आणि पैसे घेतले नाहीत. ती पाळणाघरात पोचली तेव्हा आठ वाजून गेले होते. मुलाला घेऊन तिथल्या ताई पायरीवर बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेटवर गेले. आमचे वॉचमनकाका लातूरकडचे, एजन्सीतर्फे आलेले, बारा तासांची ड्युटी. मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, “ताई, काडीनं ती पिन दाबताना हात धजत नाही बघा. पण नाही दाबली तर साहेब एजन्सीला फोन लावतात. उद्या माझ्या जागी दुसरा उभा राहील.” टोपण फूटबोर्डवर कुणी ठेवलं होतं, हे मला विचारावं लागलं नाही.

पार्किंगच्या या नियमांना सगळे ‘किरकोळ’ म्हणतात. पगारवाढ, ओव्हरटाइम, रजा हे मोठे विषय. गाडी कुठे लावायची यावरून साहेबांशी कशाला वाकडं घ्यायचं, असं घरचेही सांगतात आणि युनियनमधले जुने लोकही. मला हे पटत नाही. पगारवाढ वर्षातून एकदा होते. गेटमधून माणूस रोज दोनदा जातो. वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरले तर सहाशे वेळा. कंपनी आपल्याला काय समजते, हे माणसाला अपॉइंटमेंट लेटरमधून कळत नाही, या सहाशे फेऱ्यांत कळतं. कडुनिंबाखालच्या पाचांपैकी दोन जागा कायम रिकाम्या, आणि माणसं मात्र उन्हात तापलेल्या सीटवर रुमाल टाकून बसतात, हे रोज बघणाऱ्याला ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ हे वार्षिक स्नेहसंमेलनातलं वाक्य कसं ऐकू येत असेल, याचा विचार साहेब लोकांनी करायला हवा.

नियम नकोतच म्हणणाऱ्यांतली मी नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे पार्किंगला काहीच नियम नव्हता. एकदा प्रेस मशीनमध्ये एका मुलाचं बोट अडकलं. त्याला दवाखान्यात न्यायला गाडी काढायची तर पुढे तीन मोटरसायकली आडव्या, हँडल लॉक केलेल्या. मालक शोधून त्या बाजूला करण्यात दहा मिनिटं गेली. रक्ताळलेला रुमाल हाताला गुंडाळून तो मुलगा गाडीत बसून होता. तेव्हापासून वाट मोकळी ठेवण्याचा नियम मला कुणी समजावून सांगावा लागत नाही. हेल्मेटचंही तसंच. मोटर वाहन कायद्याचं कलम १२९ ते सांगतंच, पण कायदा बाजूला ठेवला तरी नाशिक रस्त्यावरची अवजड वाहनं रोज बघणाऱ्या माणसाला वेगळं कारण लागू नये. गाडी उलटी लावण्याच्या नियमावर तर सुरुवातीला सगळे चिडले होते. पण कारण साधं आहे. आगीचा भोंगा झाला तर शंभर गाड्या एका दमात सरळ बाहेर निघाल्या पाहिजेत, आणि रोज पाळी सुटताना थकलेला माणूस गाडी मागे घेत चालणाऱ्यांच्या अंगावर जाण्यापेक्षा समोर बघत निघालेला बरा. सेफ्टीच्या माणसानं हे दोन मिनिटांत सांगितलं आणि कुरकुर थांबली.

मग हवा सोडण्याचं कारण काय? मी नंतर विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, “शिस्त.” मला वाटतं, सगळी अडचण या एका शब्दात आहे. शिस्त कशासाठी, हे सांगता आलं तरच ती शिस्त. भोंग्याच्या वेळी वाट मोकळी हवी म्हणून पट्टा, हे समजतं. पण हवा सोडलेली गाडी जागची हलत नाही. ती वाट आणखी अडवते. ज्या हेतूनं पट्टा मारला, त्या हेतूलाच ही शिक्षा छेद देते. मग उरते ती फक्त ऐकायला लावण्याची हौस, आणि ती भागवायला बारा तास उभा असलेला, आमच्यापेक्षा कमी पगाराचा माणूस पुढे करायचा. शिवाय दुसऱ्याच्या वाहनाची हवा सोडण्याचा अधिकार कुठल्याही कायद्यानं मालकाला दिलेला नाही.

‘जागा माझी, नियम माझा’ हा यावरचा ठरलेला मुद्दा. तो उडवून लावण्यासारखा नाही. जमीन, पट्टा, छप्पर, दिवा सगळ्यासाठी मालकाचे पैसे गेलेले असतात. कारखाने कायदा १९४८ चा. पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, अडीचशेच्या वर कामगार असतील तर कॅन्टीन, दीडशेच्या वर असतील तर विश्रांतीची आणि जेवणाची जागा, तीसच्या वर स्त्रिया असतील तर पाळणाघर, असं सगळं त्यात बारकाईनं लिहिलं होतं. पार्किंगचा शब्द नव्हता. तेव्हा कामगार पायी यायचा किंवा सायकलनं. पुणं त्या काळी सायकलींचंच शहर होतं. २०१८ च्या आरटीओच्या आकड्यांनुसार पुण्यात नोंदलेली वाहनं ३६ लाखांवर गेली आणि शहरातल्या माणसांपेक्षा जास्त झाली. माणूस बदलला, त्याचं येणं-जाणं बदललं, पण कामाच्या ठिकाणी त्याच्या वाहनाचा विचार करायला कायद्याला सवड झाली नाही. ही मोकळी राहिलेली जागा मग साहेबांच्या मर्जीनं भरली जाते.

“गाडी आणायला सांगितलंय कुणी? बसनं या,” असंही ऐकवतात. सात वाजताच्या पाळीला चऱ्होलीहून किंवा आळंदीहून येणाऱ्यानं पहाटे कुठली बस धरायची, आणि ती चुकली तर अर्ध्या दिवसाचा खाडा कुणी भरायचा? मेट्रो २०२२ पासून धावते आहे आणि मला ती मनापासून आवडते. पण नाशिक फाट्याच्या स्टेशनावर उतरून एमआयडीसीतल्या आतल्या ब्लॉकपर्यंत यायला पुन्हा रिक्षा लागते. आमच्याकडे दुचाकी ही चैन नाही. लेथवर काम करणाऱ्याला मायक्रोमीटर लागतो, तशी त्याला ती वेळेवर पोचायला लागते. फरक एवढाच, की मायक्रोमीटर कंपनी देते आणि गाडीचा हप्ता तो स्वतः भरतो.

घरापासून गेटपर्यंतचा रस्ता ही कामगाराची खासगी बाब, ही समजूत तर कायद्यानं आणि आता न्यायालयानंही मागे टाकली आहे. कर्मचारी राज्य विमा कायद्यात २०१० साली ५१-ई हे कलम घातलं गेलं. कामावर येता-जाता झालेला अपघात, नोकरीशी त्याचा संबंध दिसत असेल तर, कामावरचाच अपघात धरायचा, असं त्यात सांगितलं होतं. आपल्याच धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा वॉचमन २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटरसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर अपघातात गेला. त्याच्या घरच्यांचा नुकसानभरपाईचा दावा उच्च न्यायालयात फेटाळला गेला होता. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो मान्य केला. वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा कामाशी धागा जुळत असेल तर घरून कामावर येणं हेही नोकरीच्या ओघातलंच, असं म्हटलं. बावीस वर्षं लागली. हा निकाल पार्किंगचा नाही, हे मला कळतं. पण पहाटे तीनच्या पाळीला निघालेल्या माणसाचा रस्ता जर नोकरीचा भाग असेल, तर त्या रस्त्याचं शेवटचं पाऊल, म्हणजे गाडी स्टँडवर लावणं, ही साहेबांची मेहेरबानी कशी ठरते?

आणि जागा तरी पूर्णपणे मर्जीची असते का? बांधकामाची परवानगी घेताना नकाशात पार्किंग दाखवावं लागतं. इमारतीचा वापर काय आणि क्षेत्रफळ किती, त्यावरून किती चारचाकी, किती दुचाकी हे ठरतं. चारचाकीला अडीच मीटर बाय पाच मीटर धरतात, दुचाकीला एक बाय दोन. मंजुरीच्या वेळी ज्यांच्या नावावर ही जागा दाखवली, ते लोक इमारत उभी राहिल्यावर गेटबाहेर काढायचे, याला माझा आक्षेप आहे.

दोनशे रुपयांच्या दंडाबद्दल मला स्वतःची जास्त लाज वाटते, कारण पगाराची शीट मीच बघते आणि मला हे माहीत असायला हवं होतं. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यापासून हा नियम आहे, आणि नव्या वेतन संहितेतही तो ठेवला आहे. मालकाला वाटेल त्या गोष्टीसाठी पगारातून दंड कापता येत नाही. कशाकशासाठी दंड होईल त्याची यादी सरकारकडून मंजूर करून लावावी लागते, कापण्याआधी त्या माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं, एका महिन्यातला दंड पगाराच्या तीन टक्क्यांवर जाता कामा नये, आणि जमा झालेली रक्कम कामगारांच्या हिताच्या कामालाच वापरावी लागते. आमच्या स्टिकरच्या दोनशे रुपयांत यातलं एकही झालं नव्हतं. सात जणांचे चौदाशे रुपये कापले गेले होते. त्यातले पाच ट्रेनी. आत गाडी लावायची नाही, पण बाहेर लावण्यासाठीही स्टिकर हवा, असा तो प्रकार होता.

सगळ्यांत बोचरा नियम मात्र कंत्राटी मुलांचा. त्याच मशीनवर, त्याच ड्रॉइंगवर, त्याच टॉलरन्सचं काम करायचं, आणि गाडी लावायची रस्त्यावर. पावसात झाडाची फांदी पडली तर गाडी त्यांची. पेट्रोल चोरीला गेलं तर त्यांचं. ऑगस्टमध्ये वाहतूक पोलिसांनी नो पार्किंगमधून गाड्या उचलल्या तेव्हा चार मुलं पाळी संपल्यावर चौकीवर जाऊन दंड भरून आली. एकाची त्या दिवशीची सगळी कमाई त्यात गेली. कंपनीच्या नियमानं त्यांना जिथं उभं केलं, तिथं सरकारच्या नियमानं त्यांना दंड झाला. कंत्राटी कामगार कायम का होत नाहीत, हा मोठा प्रश्न आहे आणि तो या लेखात सुटणार नाही. पण एक मीटर बाय दोन मीटर जागेसाठी कायम-कंत्राटी अशी रेघ ओढण्याचं कारण मला आजवर कुणीही सांगू शकलेलं नाही.

१ मे २०१७ पासून देशात मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरवले गेले. लोकांना ते फार आवडलं होतं, साहेबांनाही. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले होते, मला आठवतंय. रस्त्यावरचा दिवा आपल्याला खुपतो, पण आपल्या आवारातला दिसत नाही. तो कधी राखीव जागेच्या पाटीत असतो, कधी सव्वानऊ ते पावणेदहाच्या रिकाम्या रस्त्यात.

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. गैरहजेरी, भांडणं आणि खराब माल यांसाठी त्याची ख्याती. १९८२ साली तो बंद पडला. १९८४ साली टोयोटाबरोबर भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला तेव्हा बरेचसे कामगार जुनेच होते. अधिकाऱ्यांची राखीव पार्किंग आणि वेगळं जेवणघर दोन्ही काढून टाकलं गेलं. तो कारखाना सुधारला तो एवढ्यामुळे नाही; कामाची सगळी पद्धतच बदलली होती, चूक दिसली की लाइन थांबवायची दोरी कामगाराच्या हातात दिली होती. पण दोरी हातात देणाऱ्यांना हेही कळलं होतं, की गेटवर ज्याला तू खालचा असं सांगितलं जातं, तो लाइनवर दोरी ओढायला धजत नाही. आमच्याकडे क्वालिटीच्या मीटिंगमध्ये साहेब विचारतात, “चूक दिसली तर लोक बोलत का नाहीत?”

आता या सगळ्याला तोंड कसं द्यायचं? आमच्याकडे लोकांनी आपापले मार्ग काढले होते. कुणी मुद्दाम वेडीवाकडी गाडी लावायचा. कुणी स्टिकरची रंगीत झेरॉक्स काढली. एकानं रागानं कडुनिंबाखालच्या एका चारचाकीच्या काचेवर चिकटपट्टी लावली आणि सगळ्या डिपार्टमेंटची झडती झाली. बहुतेकांनी मात्र गप्प बसून वीस मिनिटं लवकर यायला सुरुवात केली. त्यांना मी भित्रे म्हणणार नाही. घराचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाला शहाणपण शिकवायचा हक्क मला नाही. पण दिवसाला वीस मिनिटं म्हणजे महिन्याला आठ तास, म्हणजे एक अख्खा दिवस कंपनीला फुकट, हे त्यांनी एकदा मांडून बघावं. आणि चिडून काकांशी भांडणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगत होते, की त्या माणसाला सोडा. नियम त्याचा नाही.

मी ठरवलं ते एवढंच. सवलत मागायची नाही, कारण मागायचं. सवलत एकट्याला मिळते आणि त्यासाठी साहेबांसमोर उभं राहावं लागतं. कारण मागितलं की ते सगळ्यांसाठी असतं. मी तेच परिपत्रक पुन्हा काढलं, नियमांच्या उजवीकडे एक रकाना वाढवला आणि वर लिहिलं, ‘कारण’. अकरा ओळी, अकरा रिकामे चौकोन. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती असावी लागते. २०१० पासून ती कायद्यात आहे आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. आमची समिती फाईलमध्ये होती, खुर्चीवर कधी बसली नव्हती. ती बसवली. टूलरूममधला एक, असेंब्लीतली एक, स्टोअरचा एक, आणि मी. नियम लिहून, कामगारांना कळणाऱ्या भाषेत, गेटजवळ लावायचे, असं १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यानं मालकांना सांगितलं होतं. तोंडी हुकमावर माणूस चालवू नये, एवढ्यासाठी लोकांनी तेव्हा भांडून हे मिळवलं. मला वाटतं, पुढची पायरी कारणाची आहे. नियम लिहिला, तर त्याचं कारणही लिहिलंच पाहिजे. ज्याचं कारण फळ्यावर चारचौघांत लिहायला संकोच वाटतो, तो नियम काढायचा.

साहेब वाईट माणूस नाहीत, हे इथे सांगितलं पाहिजे. लॉकडाऊनच्या पहिल्या तीन महिन्यांत त्यांनी सगळ्यांचा पूर्ण पगार दिला, कंत्राटी मुलांचाही. भाड्याच्या शेडमध्ये एका जुन्या लेथवर त्यांनी सुरुवात केली. कडुनिंब त्या वेळचा आहे. त्याच्याखाली त्यांची लुना उभी असायची. कागद समोर ठेवल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तीस वर्षं घासली. आता सावलीतली एक जागासुद्धा घ्यायची नाही का मी?”

घ्यावी. मी तसंच म्हटलं. एक जागा घ्या आणि कारणाच्या रकान्यात ‘मालकाची जागा’ असं लिहा. त्याला कुणी हरकत घेणार नाही. तीस वर्षांचं कष्ट हे कारण आहे आणि ते लोकांना दिसतं. अडचण आहे ती ‘मॅनेजमेंट’ अशा मोघम शब्दाखाली अडवलेल्या पाच जागांची. मनातली गोष्ट सरळ मागितली तर माणसं मोठ्या मनानं देतात. तीच शिस्तीच्या नावाखाली घेतली की डोळ्यांत खुपते.

हेल्मेट, उलटी गाडी, बंबाची वाट, या ओळी त्यांनी पटापट भरल्या. सव्वानऊ ते पावणेदहाची ओळ त्यांनी स्वतःच्या पेनानं खोडली. हवेच्या ओळीपाशी थांबले. “मग दुसरं काय करायचं? ऐकत नाहीत लोक.” टूलरूमचा मुलगा म्हणाला, “साहेब, स्टिकरवर डिपार्टमेंट आणि एक्स्टेन्शन नंबर छापू. काका फोन करतील, गाडीवाला येऊन सरळ करील.” इतकं सोपं होतं. दंडाची तरतूद मी वाचून दाखवली. सात जणांचे पैसे पुढच्या पगारात परत गेले.

कडुनिंबाखाली आता एक जागा साहेबांची आहे, एक ग्राहकांसाठी. दाराला सर्वांत जवळची तिसरी टूलरूममधल्या आमच्या एका सहकाऱ्याला दिली. त्याच्या स्कूटरला मागे दोन जादा चाकं आहेत आणि अपंग हक्क कायदा २०१६ चा असूनही तो इतकी वर्षं सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात गाडी लावून कुबड्यांवर चालत येत होता. हे मला परिपत्रक टाईप करताना सुचलं नाही. उरलेल्या दोन चारचाकींच्या जागेत, पंचवीस चौरस मीटरमध्ये, बारा दुचाकी बसतात. इन्स्पेक्शनमधल्या माझ्या सहकारीची स्कूटर बहुतेक दिवशी त्यांतच असते.

कंत्राटी मुलांची ओळ राहिली. तिथे साहेबांनी ‘जागा नाही’ असं लिहिलं. ते कारण आहे, मोजून बघता येणारं. म्हणून गेल्या रविवारी आम्ही टेप घेऊन आवार मोजलं. शेडच्या मागे भंगार पडलेली पट्टी अठरा मीटर लांब आणि सात मीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंना एकेक रांग लावली आणि मधे तीन मीटरची वाट सोडली, तर छत्तीस गाड्या बसतात. रस्त्यावर रोज उभ्या असतात त्या एकतीस. सोमवारी कागद टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले, “भंगार उचललं गेलं की बघू.” भंगारवाल्याला मी त्याच दुपारी फोन केला. तो शुक्रवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला आहे.